ओवाळलेली गाडी

मुलुंड, मंगळवार

आज आलं: दूध अर्धा लिटर, चौतीस रुपये. वरच्या नेन्यांचे पेढे, फुकट. त्यांची नवी विजेची गाडी आली, म्हणे नव्वद लाखांची. सवाष्ण म्हणून मलाच ओवाळायला बोलावलं.

संध्याकाळी सोसायटीची मीटिंग. गाडी इमारतीच्या जुन्या लाइनवर चार्ज करू द्यायची का? शेजारचे सावंत माझ्याकडे हात करून म्हणाले, "लाइन गेली तर ह्या वहिनींकडचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडेल." नेन्यांचा मुलगा हसला. "काकू, धूर नाही हो हिला. काकांच्या छातीला बरीच ना!" सगळे माझ्याकडे बघायला लागले. सकाळी ओवाळलेल्या गाडीला संध्याकाळी नाट कशी लावू? विरोधात हात वर केलाच नाही. एका मताने मंजूर झालं. माझं मत विरोधात पडलं असतं, तर बरोबरी होऊन अडलं असतं.

मीटिंग संपताच त्यांनी गाडी चार्जिंगला लावली आणि वीज गेली. वीस मिनिटं ह्यांना धरून बसले. ओठ निळे पडले होते. वीज आल्यावर ह्यांनी विचारलं, "तू बोललीस ना तिथं?" मी "हो" म्हटलं. देवा, का बोलले नाही मी?

नाशिकच्या दादाला पत्र लिहिलं, फोनवर रडू येईल म्हणून. इथल्या विजेचा आता भरवसा नाही, ह्यांना थोडे दिवस ठेवून घेशील का? वहिनीला विचार आणि उलट टपाली कळव.