दाखवायचं घर

२ एप्रिल

निर्णय झाला. घर विकायचं.

नव्या प्लांटला एक जूनला हजर व्हायचं आहे. तिथला क्वालिटी विभाग माझ्या हाताखाली असेल. त्याआधी हे विकून तिकडे घर घेणे. बाबा अर्थातच सोबत येतील. मला एकटीने राहायला काहीही वाटत नाही, उलट आवडेल. पण आई गेल्यापासून त्यांना एकटं ठेवणं योग्य नाही, वय झालंय. (रोज सकाळी टेकडी चढून येतात. मी लिफ्टने जाते. तरीही.)

संध्याकाळी त्यांना सांगितलं. पेपर खाली न घेता म्हणाले, बघू.

होकार मिळाला. अपेक्षेपेक्षा लवकर.

५ एप्रिल

घर लवकर कसं विकावं यावरचं वाचन पूर्ण. विषय सोपा आहे, लोक उगीच भावनेत गुंततात. घर हे प्रॉडक्ट. गिऱ्हाईक दारातून आत येतं आणि चप्पल काढता काढता मत बनवतं. बाकी सगळं मग त्या मताला कारणं शोधण्यासाठी बघतं. म्हणजे आपण फक्त चप्पल काढण्याचा वेळ डिझाइन करायचा.

मुख्य नियम: इथे कोणी राहतं हे कळता कामा नये. फोटो, औषधं, छत्र्या, टॉवेल, सगळं गायब.

बाबांना समजावलं. त्यांनी विचारलं, मग आपण राहायचं कुठे? म्हटलं, इथेच, पण न दिसता. म्हणाले, जमेल की, तुझ्या आईच्या माहेरी जाऊन मी दुसरं काय करत होतो?

विषयाचं गांभीर्य नाही. बाबांनी आयुष्यभर गावोगाव फिरून शिलाई मशीनं विकली. ज्यांना सुईत दोरा ओवता येत नव्हता त्यांनाही विकली, असं आत्या सांगते. पण ती तोंडाच्या वाफेवरची विक्री. आता पद्धत लागते.

९ एप्रिल

हॉलला नवा रंग. फिकट, शांत, कोणाचाच नसलेला. बाबा म्हणाले, छान आहे, आता फक्त नर्स हवी.

त्यांची आरामखुर्ची माळ्यावर टाकली. ती करकरते. खुर्ची उचलल्यावर फरशीवर चार पायांच्या खुणा निघाल्या. घासल्या, गेल्या नाहीत. वर गालिचा टाकला.

एक अडचण. हॉलच्या खिडकीपाशी जुनं शिलाई मशीन आहे. बाबा गावोगाव दाखवायला न्यायचे ते डेमोचं. पुढे आईने तेच वापरलं. हलवू म्हटलं तर पहिल्यांदाच ठामपणे नाही म्हणाले. भंगारात द्यायचं नाही, विकायचंही नाही. धंद्याचा नियम आहे म्हणे: डेमोचं मशीन कधी विकायचं नसतं. ते घासूनपुसून लोकांना दाखवायचं, आणि विकायचं खोक्यातलं. डेमो विकलं की दुकान बंद.

वाद घालायला वेळ नव्हता. मशीनवर पांढरं कापड घातलं आणि वर फुलदाणी ठेवली. आता ते टेबल आहे.

१३ एप्रिल

एजंट येऊन गेला. तरुण आहे, प्रत्येक वाक्याच्या दोन्ही टोकांना मॅडम लावतो. घर बघून थक्क झाला. म्हणाला, मॅडम, वरच्या मजल्यावर हुबेहूब असाच फ्लॅट गेल्या वर्षापासून पडून आहे, पण हे म्हणजे मासिकातलंच घर वाटतंय, मॅडम.

वरचा फ्लॅट काकूंचा. घर विकून लांब मुलीकडे राहायला जायचंय. बिचाऱ्यांची मुलगी बाळंत होऊन नातू रांगायला लागला, तरी यांचं घर विकलं जात नाही. जाईल कसं? दारापासून वर्तमानपत्रांचे गठ्ठे. सोफ्यावर मांजर, आणि आलेल्या गिऱ्हाइकाला बसवायचं कुठे असं म्हणत काकू मांजराकडेच बघतात. पूर्वतयारी शून्य. आईची मैत्रीण म्हणून बोलत नाही, पण उदाहरण म्हणून उत्तम.

१६ एप्रिल

पहिलं गिऱ्हाईक. उंच, चष्मेवाले, बायको सोबत.

तयारी चोख होती. ओव्हनमध्ये केक, कारण ताज्या केकच्या वासाने घर घरासारखं वाटतं असं वाचलं होतं. बशीत पिवळीधमक लिंबं. दिवे लावलेले.

चष्मेवाल्यांनी विचारलं, घर का विकताय? मी वाक्य तयार ठेवलं होतं. तेवढ्यात बाबा स्वयंपाकघरातून म्हणाले, मी कुठे विकतोय? ही विकतेय. मग केकचा तुकडा खात बाहेर आले. (केक दाखवण्यासाठी होता.) मग न विचारता सांगितलं की खालचा पंप पहाटे असा ओरडतो की गजर लावावा लागत नाही. बायकोने केकची कृती लिहून घेतली. घर घेतलं नाही.

मूळ कारण शोधलं: बाबा. उपाय: गिऱ्हाईक यायच्या वेळी बाबांनी खाली गेटजवळच्या बाकावर बसायचं, आणि आपल्या घराबद्दल एक शब्द बोलायचा नाही. म्हटलं, शपथ घ्या. त्यांनी फुलदाणी बाजूला करून मशीनवर हात ठेवला. म्हणाले, आपल्या घराबद्दल एक अक्षर नाही, साहेब.

मला साहेब म्हणतात तेव्हा ते मनापासून सहकार्य करत असतात.

२० एप्रिल

नवीन व्यवस्था यशस्वी. एक नवविवाहित जोडपं आलं. खूश. फोटो काढले. गालिचा कुठे मिळाला विचारलं. दिव्याची जागाही मोजली.

निघाल्यावर मी गॅलरीतून पाहिलं. बाकापाशी थांबले, बाबांशी बोलले, चांगलंच हसले. मग सगळ्यांनी मिळून वर पाहिलं. बहुधा इमारतीचा बाहेरचा रंग तपासत असावेत. चोखंदळ आहेत.

बाबांना विचारलं, घराबद्दल बोललात? म्हणाले, आपल्या? छे. माणूस खोटं बोलला की मला कळतं, क्वालिटीत तेच तर माझं काम. ते खरं बोलत होते.

२७ एप्रिल

दोन पार्ट्या. दोन्ही खाली गेल्या, पण बराच वेळ गेटबाहेर पडताना दिसल्या नाहीत. मात्र दुसरी पार्टी माझ्याकडे असताना डोक्यावर धाडधाड पावलं. काकूंकडे इतके पाहुणे कुठून येतात? नेमके माझ्याच वेळेला? शांत घर असं जाहिरातीत लिहिलं आहे मी.

बाबांना वर पाठवलं, काकूंना जरा समज द्या म्हणून. बराच वेळ लागला. परत आले ते अगदी खुशीत. म्हणाले, सांगितलं, पण पाहुणे वाढतीलच बहुतेक, त्यांचे दिवस बदललेत.

जोडप्याचा फोन नाही. विचार करत असतील. मोठा निर्णय आहे.

४ मे

काकू खाली आल्या. बाळ, रंगाचा नंबर दे ना गं. दिला. पडदे कुठून घेतलेस? सांगितलं. मग हळूच, तो उभा दिवा दोन दिवस देशील? तोही दिला. मन मोठं असावं. नक्कल करणाऱ्यावर रागावू नये, त्यांच्याकडे मूळ कल्पना नसतात.

काकूंनी मांजर बहिणीकडे पाठवलं आहे. वर्तमानपत्रांचे गठ्ठे रद्दीत गेले, ते खाली बाबांनीच आणले. माझ्यासमोर गठ्ठे घेऊन जिना उतरत होते. म्हटलं, तुमची कंबर? म्हणाले, कंबर माझी आहे, काळजी तुझी का?

बशीतली लिंबंही नाहीशी झालीत. बाबा म्हणतात, वर बरी दिसतात.

१० मे

एजंटचा फोन. स्वर एकदम उत्साही. मी म्हटलं, किंमत थोडी उतरवू का, की सोफा फिरवून पाहू? जवळजवळ ओरडलाच. नको नको मॅडम, कशालाच हात लावू नका, तुमचं घर जबरदस्त काम करतंय, मॅडम!

प्लांटमध्ये अशी शाबासकी तीन वर्षांत मिळाली नाही.

खरं सांगायचं तर अशा घरात राहणं थोडं कठीण जातंय. टॉवेल शोधावा लागतो. काल चहाचा कप धुऊन लपवला आणि आज तो मलाही सापडला नाही. बाबा जेवण वर काकूंकडे करून येतात, ओटा खराब होऊ नये म्हणून. मी उभ्याने खाते. घर रिकामं असलं की फार मोठं वाटतं. वाचलं होतं तसंच. गिऱ्हाइकासाठी हे चांगलं आहे.

१७ मे

बाबांना डॉक्टरकडे नेलं. नव्या शहरात जाण्याआधी रिपोर्ट हाताशी असावेत, शिवाय त्यांना एकटं का ठेवता येत नाही याला लेखी आधार मिळेल.

बाबांचं ब्लडप्रेशर उत्तम. आलातच तर तुमचंही बघू, म्हणून डॉक्टरीणबाईंनी माझंही पाहिलं. माझं जास्त. विचारलं, झोप लागते का? घरी बोलायला कोणी असतं का? आणि मग बाबांना म्हणाल्या, काका, हिला एकटं ठेवू नका.

यंत्र कॅलिब्रेट केलेलं नसावं.

परत येताना बाबांनी रिक्षात डॉक्टरांचा कागद घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाले, तिकडे ओळखीचं कोणी आहे का गं तुला? म्हटलं, ओळखी कशाला, काम आहे. म्हणाले, हं.

२३ मे

झालं! मागच्या आठवड्यात जुळ्या पोरांना घेऊन एक बाई घर बघून गेली होती. ती जुळ्यांची आई दुसऱ्यांदा आली, नवऱ्याला घेऊन. पोरं गालिच्यावर लोळली. ती खिडकीपाशी उभी राहिली आणि म्हणाली, असंच हवं होतं, अगदी अस्संच. नवरा भिंतीवर हात फिरवत राहिला. खाली बाबांशी बोलून झाल्यावर दोघं परत लिफ्टकडे वळले. काही मापायचं राहिलं असेल. माझ्याकडे आले नाहीत, बहुधा लिफ्टच तपासत होते.

ऑफिसला कळवलं: घराचं काम मार्गी. टेम्पो ठरवला, दोन माणसांच्या सामानाचा. बाबांचे गरम कपडे स्वतः भरले. तिकडे थंडी असते. ते दारात उभे राहून बघत होते. म्हटलं, आनंद झाला ना? म्हणाले, कपड्यांत डांबराच्या गोळ्या टाक.

२६ मे

सकाळी एजंट. हातात पेढ्यांऐवजी केकचा बॉक्स. मी हात पुढे केला. त्याने तो बाबांना दिला. म्हणाला, अभिनंदन काका, सही झाली!

म्हटलं, माझ्या सहीशिवाय?

मग काकू आल्या, रडतच. हसतही होत्या. बाबांचा हात धरून म्हणाल्या, भाऊजी, नातवाचं तोंड तुमच्यामुळे दिसणार. मग माझ्या गालावरून हात फिरवला. आणि बाळ, तुझ्यामुळेही गं. तो दिवा घर घेणाऱ्यांना फार आवडला.

जुळ्यांच्या आईने घर घेतलं आहे. वरचं.

सगळे गेल्यावर बाबांना समोर बसवलं. म्हटलं, तुम्ही शपथ घेतली होती. म्हणाले, मोडली का? आपल्या घराबद्दल एक अक्षर नाही बोललो. फक्त विचारायचो, खालचं आवडलं ना? तेच वर आहे, तोच नकाशा, पंप मात्र वर ऐकू येत नाही. काकूंची किल्ली माझ्याकडेच होती. लोक तुझं बघून यायचे आणि वरचं घ्यायला बघायचे. वरचं घर काय, खोक्यातलं मशीन.

म्हणजे मी महिना-दीड महिना जे चकचकीत ठेवलं ते डेमो होतं.

म्हटलं, तुम्ही तर येणार होतात. म्हणाले, कधी म्हटलं? म्हटलं, बघू म्हणालात. त्यावर माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी लहानपणी सायकल मागायचे तेव्हा पाहायचे. तेव्हाही बघूच म्हणायचे. सायकल आली नव्हती.

मग म्हणाले, मी इथे बरा आहे गं. तू मला सोबत न्यायला बघतेस ते माझ्यासाठी नाही, कळतं मला. पण तू जा. तुला येईल एकटीला राहता.

मी म्हटलं, माझा प्रश्नच नाही.

विश्लेषण: विक्रीची पूर्वतयारी शंभर टक्के यशस्वी. फक्त मजला चुकला.

३१ मे

टेम्पो रद्द. माझं सामान दोन बॅगांत मावलं.

माळ्यावरून खुर्ची काढली. गालिचा उचलला. चारही पाय आपापल्या खुणांवर अचूक बसले. प्लांटमध्ये इतकं अचूक फिटिंग क्वचितच मिळतं. बाबा बसले, खुर्ची करकरली. आवाज आहे, पण सहन होण्याजोगा. फोटो परत लावले. मशीनवरची फुलदाणी काढली. कापड ठेवलं, धूळ बसते म्हणून.

घर विक्रीला नाही असं एजंटला कळवलं. तो म्हणाला, मॅडम, तिसऱ्या मजल्यावर पण एक पार्टी विकतेय, मॅडम, तुमचं अजून महिनाभर तसंच ठेवता आलं असतं तर.

जेवताना, म्हणजे बसून जेवताना, बाबांनी विचारलं, शनिवारी येशील का? मी पाणी प्यायले आणि म्हटलं, बघू.

त्यांनी भात वाढून घेतला. ते उत्तर त्यांना चांगलंच ओळखीचं आहे.

शनिवारचं तिकीट मंगळवारीच काढून ठेवलं आहे. मशीनला तेल घालायला हवं. बाकी काही कारण नाही.