हॉकी : गाद्यांच्या सौजन्याने

४ ऑगस्ट

प्राचार्यांनी बोलावलं. मला वाटलं, सत्कार. गेल्या वर्षी आम्ही पहिल्या फेरीत हरलो. त्याच्या आदल्या वर्षीही पहिल्याच. सातत्य ही काही लहान गोष्ट नाही.

सत्कार नव्हता. प्राचार्य मूळचे केमिस्ट्रीचे, त्यामुळे वाईट बातमी थेंबाथेंबाने सोडतात. आधी कॉलेजची घटती पटसंख्या, मग वीजबिल, मग गळकं छत, आणि शेवटी तळाशी साका उरावा तसं : हॉकीला यंदा पैसे नाहीत. ऑक्टोबरच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत मुलींनी काही दाखवलं तर पुढच्या वर्षी विचार. नाहीतर हॉकी बंद.

मी म्हणालो, सर, निश्चिंत राहा, आठ दिवसांत स्पॉन्सर आणतो. ते म्हणाले, मी निश्चिंतच आहे, बंद करायला काही खर्च येत नाही.

संकल्प : उद्यापासून पहाटे मैदानावर. मुलींच्या आधी. आवाज खर्जात.

६ ऑगस्ट

पहाटे उठलो नाही. पण जाग आली होती, हे महत्त्वाचं. पडल्या पडल्या डावपेच आखले.

संध्याकाळी प्रॅक्टिस. आमची कॅप्टन शेवटच्या वर्षाला आहे. तिला मी ‘वकील’ म्हणतो, कारण तिचं प्रत्येक वाक्य ‘पण सर’ने सुरू होतं. गोलकीपरला ‘खिंड’ म्हणतो, कारण ती लढवते. बोलत नाही. दोन वर्षांत मी तिचा आवाज फक्त हजेरीला ऐकला आहे.

आज खिंडीने हेल्मेट आणून दाखवलं. कानापासून हनुवटीपर्यंत बारीक तडा. मी नखाने टकटक करून पाहिलं आणि म्हणालो, कलिंगड असं वाजलं असतं तर मी लगेच घेतलं असतं. सगळ्या हसल्या. खिंड हसली नाही. मग टेप लावून दिली. वकील म्हणाली, पण सर, पैसे आले की पहिलं हेल्मेट. मी म्हणालो, शब्द दिला.

माझा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

१३ ऑगस्ट

आठ दिवस झाले असं प्राचार्य म्हणतील. सुट्ट्या वगळल्या तर झालेले नाहीत.

स्पॉन्सरच्या आघाडीवर चांगली हालचाल. बँकेच्या मॅनेजरांना वाटलं, मी कर्ज मागायला आलोय. तेही नाकारलं. चष्मेवाले म्हणाले, हॉकीत डोळ्यांना इजा होते. मी म्हणालो, मग तुमचा फायदाच आहे की! त्यांनी दार दाखवलं. कोल्ड्रिंकच्या एजन्सीने मात्र हात सैल सोडला. एक कोल्ड्रिंक दिलं.

ओळखी होताहेत. ओळखी म्हणजेच भांडवल.

२० ऑगस्ट

झालं काम! मेहुण्याचा गाद्यांचा कारखाना आहे. ही म्हणाली होती, माझ्या भावाकडे हात पसरू नका. म्हणून हिला न सांगता पसरले.

मेहुणा म्हणाला, “दाजी, खेळाला नाही म्हणणारा मी नव्हे. सगळ्या टीमला ट्रॅकसूट माझ्याकडून.” अट एकच : पाठीवर दुकानाचं नाव आणि जाहिरात. मी म्हणालो, आधी गोलकीपरचं हेल्मेट घेऊ या का? तो म्हणाला, त्याला पुढून जाळी, मागून पट्टे. नाव कुठे छापणार?

मुद्दा बिनतोड होता. ट्रॅकसूटमधून जे उरेल त्यात हेल्मेट, असं ठरलं. म्हणजे मी ठरवलं.

२ सप्टेंबर

ट्रॅकसूट आले. गडद लाल. समारंभ झाला. मेहुण्याने गादी आणि राष्ट्रबांधणी यावर भाषण केलं. पाठीवर ठळक अक्षरांत ओळ आहे : ‘एकदा पडलात की उठावंसं वाटणार नाही.’

वकील म्हणाली, पण सर, हे घालून आम्ही मॅचला जायचं? मी म्हणालो, प्रतिस्पर्धी गाफील राहील.

मलाही एक मिळाला. श्वास रोखला की उत्तम बसतो.

उरलं काही नाही. फोटोग्राफर, फुगे आणि मेहुण्याच्या पाहुण्यांचा फराळ यात गेलं. वकीलबाईंनी हेल्मेटचं विचारलं. ऑर्डर दिली आहे, असं सांगितलं. मनातून दिलेलीच आहे. प्राचार्यांनाही तेच सांगितलं. दोघांना एकच उत्तर दिलं की गोंधळ होत नाही.

१२ सप्टेंबर

आज माझी नवी व्यूहरचना : ‘चक्रीवादळ’. सगळ्यांनी सतत जागा बदलायच्या, समोरच्याला कळू नये कोण कुठे आहे. कुणालाच कळलं नाही. आमच्या डाव्या आणि उजव्या फॉरवर्डची मैदानाच्या मध्यभागी कपाळमोक्ष भेट झाली.

मी बर्फ आणायला गेलो. परत आलो तर मुली साधे सरळ पास देत होत्या, वकील ओरडून सांगत होती, आणि बॉल पुन्हा पुन्हा गोलमध्ये जात होता. म्हणजे कल्पना माझीच, फक्त त्यातून वादळ काढून टाकलेलं. काही बोललो नाही. मोठ्या कोचला गप्प बसता आलं पाहिजे.

बर्फ वितळला.

२१ सप्टेंबर

पेनल्टी कॉर्नरची प्रॅक्टिस होती. वकीलचा फटका. बॉल उठला आणि सरळ खिंडीच्या तोंडावर.

आवाज. कलिंगडासारखा नव्हता.

खिंड आडवी झाली. उठली नाही. सगळ्या धावल्या आणि तिच्याभोवती वाकल्या. मी पोचलो तेव्हा मला फक्त पाठी दिसत होत्या, गोल करून उभ्या राहिलेल्या लाल पाठी, आणि प्रत्येकीवर ती ओळ. एकदा पडलात की.

मला कुणी वाट देईना. की मीच मागितली नाही, आठवत नाही.

मग ती उठून बसली. ओठ फुटला होता. पहिलं वाक्य : “गोल झाला का?” वकील तिथेच बसून रडायला लागली. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं नाही, चार दिवस विश्रांती. मी तिला रिक्षाने घरापर्यंत सोडलं. आत गेलो नाही, उशीर झाला होता.

तडा आता करंगळी जाईल एवढा आहे. पण मार बसला तेव्हा हेल्मेट तिथे होतं आणि त्याने आपलं काम केलं, हे कुणी बोलत नाही.

२५ सप्टेंबर

खिंडीचे वडील मैदानावर आले. बस चालवतात. अंगात युनिफॉर्म, ड्यूटी संपवून थेट. माझी उत्तरं तयार होती, पण माणूस चिडलेलाच नव्हता. अशा माणसाशी बोलायचं कसं?

हेल्मेट हातात घेऊन त्यांनी सगळीकडून फिरवून पाहिलं. मग म्हणाले, “सर, एक विचारू? तुम्ही स्वतः हे घालून उभे राहाल का?”

मी म्हणालो, का नाही? आत्ता राहतो.

पॅड बांधले. हेल्मेट चढवलं. आतून जाळीपलीकडे जग फार लहान दिसतं, आणि स्वतःचा श्वास फार मोठ्याने ऐकू येतो. वकीलने बॉल ठेवला. म्हणाली, “सर, हळू मारते.” मी म्हणालो, जोरात मार, प्रॅक्टिस म्हणजे प्रॅक्टिस.

तिने स्टिक उचलली आणि मी बाजूला झालो.

याला शास्त्रात जागा सोडून बचाव म्हणतात. बॉल रांगत आला. माझ्या मघाच्या जागेवरून पुढे गेला आणि रेषेवरच थांबला. इतका हळू मारला होता.

कुणी हसलं नाही. हसायला हवं होतं.

हनुवटीचा पट्टा मला सुटेना. बोटं वाऱ्याने गारठली होती. शेवटी खिंडीच्या वडिलांनीच सोडवला, लहान मुलाचं टोपरं सोडवावं तसा. म्हणाले, “नवीन येईपर्यंत पोरगी उभी राहणार नाही.” मी म्हणालो, याच आठवड्यात येतंय.

१ ऑक्टोबर

खेळाच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, तुमच्या कॉलेजला उधार नाही. कॉलेजची पत माझ्यामुळे गेलेली नाही, हे त्याला पटवण्यातच दुपार गेली.

मेहुण्याला फोन केला. दाजी, सीझन मंदा आहे, म्हणाला.

स्वतःच्या खिशातून घ्यावं, असाही विचार आला. विचार उत्तम होता. दुकानाच्या पायरीवर बराच वेळ उभा राहिलो. पण प्रश्न तत्त्वाचा आहे. कोचच खर्च करायला लागले तर संस्था आपली जबाबदारी विसरतील.

घरी येताना स्वतःसाठी शिटी घेतली. जुनीचा आवाज चिरका येतो.

९ ऑक्टोबर, सकाळ

आज मॅच. समोर मोठं कॉलेज, त्यांच्याच मैदानावर. निळं टर्फ, दिव्याचे खांब, टीमबरोबर वेगळा मालिशवालाही.

आमची बस निघण्याआधी खिंड माझ्याजवळ आली. “सर, हेल्मेट आलं?”

म्हणालो, वाटेत आहे. आजच्या दिवस जुनंच घाल. नवी टेप लावली आहे, दुहेरी. एका मॅचने काही होत नाही.

 ती म्हणाली, “बाबांना मी सांगितलंय, नवीन आलं म्हणून.” आणि हेल्मेट घेऊन बसमध्ये चढली.

गुणी मुलगी. खेळासाठी काहीही करेल.

९ ऑक्टोबर, संध्याकाळ

कुठून सुरू करू?

शिटी व्हायच्या आधी वकीलने खिंडीच्या हातातून हेल्मेट काढून घेतलं. खिंड सोडेना. दोघींची क्षणभर ओढाओढ झाली. मग वकील तडक अंपायर मॅडमकडे गेली. मी मागून हाका मारल्या. नवी शिटीही वाजवली. तिने मागे पाहिलं नाही.

मॅडमनी टेप ओढून काढली, तड्यात अंगठा घातला आणि नुसती मान हलवली. नाही.

समोरच्या टीमकडे जादा हेल्मेट होतं. वकीलने मागितलं. त्यांच्या कोचने नियमांचं पुस्तक उघडलं आणि त्यातून डोकं काही वर काढलं नाही.

वकील म्हणाली, “मॅडम, आम्ही गोलकीपरशिवाय खेळतो.” तसं खेळता येतं. अकराही जणी मैदानात, गोलमध्ये कुणी नाही. मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी हेच सांगितलं असतं. बहुतेक.

खिंड पॅड सोडून माझ्याशेजारी बाकावर बसली. आणि मग ओरडायला लागली. डावीकडे सरक! तिला आत येऊ देऊ नकोस! आता, आता धाव! तिला सगळं दिसत होतं. फटका बसण्याआधी दिसत होतं. मीही सूचना देत होतो, पण मैदानावरच्या साऱ्या माना तिच्याकडे वळत होत्या. रिकामा गोल मागे ठेवून मुली लढल्या. वकीलने एकदा स्टिकसकट रेषेवर लोळण घेऊन बॉल अडवला. आम्ही एक गोलही केला. साध्या सरळ पासांवर.

दोन-एकने हरलो.

शेवटची शिटी झाली तेव्हा मुली आहेत तिथे आडव्या झाल्या, आणि प्रेक्षक उभे राहिले. त्यांचेही आणि आमचेही. प्राचार्यसुद्धा आले होते. मी वळून सगळ्यांना नमस्कार केला. मग लक्षात आलं, टाळ्या माझ्या डोक्यावरून पलीकडे जाताहेत.

१२ ऑक्टोबर

प्राचार्यांनी बोलावलं. आज थेंबाथेंबाने नाही. हॉकी चालू राहणार. संस्थेशी ते स्वतः बोलले. पहिली खरेदी गोलकीपरचं सामान.

मी म्हणालो, आभारी आहे सर, पुढच्या मोसमाचा माझा आराखडा... त्यांनी हात वर केला.

म्हणाले, “त्या मुलीला जुनं हेल्मेट घाल असं कोणी सांगितलं?”

माझ्याकडे सांगण्यासारखं बरंच होतं. संस्था, मेहुणा, दुकानदार, उधारी. तोंड उघडलं आणि बाहेर आलं, “टेप नवी होती.”

 ते म्हणाले, “मुलींनी तक्रार केलेली नाही. मी विचारलं तेव्हा सगळ्या खाली बघत राहिल्या, ती वाद घालणारी कॅप्टनसुद्धा. गोलकीपर तेवढी म्हणाली, सर वाईट नाहीत.”

नवीन कोच सोमवारपासून. मी यापुढे फक्त सकाळचे कवायतीचे तास घ्यायचे.

बाहेर आलो. वाईट नाहीत. दोन वर्षांत माझ्याबद्दल ती बोलली ते एवढंच.

घरी येऊन हिला सांगितलं, आता संध्याकाळी मी घरी. ही पिशवीत टॉवेल भरत होती. म्हणाली, “बरं झालं. पण संध्याकाळी मी नसते. पोहायला जाते.”

मी विचारलं, कधीपासून? तर म्हणे तीन वर्षं होतील. तू मला बोलली नाहीस, म्हणालो. ही म्हणाली, “सांगितलं होतं. तुम्ही शाब्बास म्हणालात.”

ही गेली. बाहेर अजून चांगला उजेड आहे. या वेळी घरात लोक काय करतात, ते मला माहीत नाही.