एका पायावर उभं राहताना

अप्पा, तुम्ही गेलात तेव्हा माझी लेक जन्मली नव्हती. आता ती सात वर्षांची आहे. तिला ऑटिझम आहे. बोलते कमी, समजतं बरंच. पण जिना उतरताना कठडा सोडत नाही, आणि फेकलेला चेंडू छातीवर आदळून गेला की मग हात पुढं करते. मला वाटायचं, लक्ष नसतं तिचं. परवा गारखेड्यातल्या थेरपीच्या मॅडमनी तिला एका पायावर उभं राहायला सांगितलं आणि मला म्हणाल्या, "तुम्हीपण राहा, बघून करेल ती." मी पाय उचलला आणि सरळ भिंतीवर जाऊन आदळले. लेक हसली. मॅडम नाही हसल्या. "लहानपणापासून असंच होतं का?" त्यांनी हळूच विचारलं. "हा आळस नसतो. डोळ्यांना दिसलेलं हातापायांना वेळेवर कळत नाही. काही घरांत पिढीजात असतं असं."

मला एकदम बजाजनगरचं मैदान दिसलं. पहिली पाळी करून तुम्ही आलेले, कंपनीचा शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, एक हात माझ्या सायकलच्या सीटखाली. मी पडते. तुम्ही उचलता. मी परत पडते. "लक्ष कुठं असतंय तुझं? समोर बघ म्हणलं ना." कोपरं सोलवटली तरी तुम्ही थांबत नाही. त्या उन्हाळ्यात मी तुमच्याशी बोलणंच सोडलं होतं.

घरी येऊन आईला हे सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझ्या अप्पांना तरी कुठं येत व्हती सायकल?"

"काय?"

"नाय येत व्हती. गावाकडं पाचोडला पोरं लई हसायची त्यान्ला. कंपनीत चालतच जायचे की. आपल्या पोरीला कुणी हसू नाय म्हणून तुझ्यामागं पळायचे."

तुम्हाला सायकलवर मी कधी बघितलंच नव्हतं, आणि हे मला इतक्या वर्षांत जाणवलंसुद्धा नव्हतं. जे स्वतःला जमलं नाही ते तुम्ही मला शिकवत होतात. तुमच्या अंगातही हेच होतं का, हे आता कुणाला विचारू?

हे पत्र आईला वाचून दाखवणार होते. नाही दाखवलं. तुमची माया मला कळली असं शेवटी लिहावं, असं तिला वाटेल. कळली, अप्पा. पण तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही.