पाचव्या रविवारची अट

मी, एल्झा मीबुस, माहेरची नोआक, वय एकोणऐंशी, राहणार लिंडेनफेल्ड, दक्षिण ऑस्ट्रेलिया, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहिते. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. राहते घर आणि गव्हाची जमीन माझे दिवंगत पती हर्मन यांची भाची लिडिया हिला द्यावी. आम्हाला मूल नाही आणि हर्मन यांच्या आजारपणात तीच धावून आली.

२. सॉसेज भरायचे यंत्र शेजारीण इर्मा पेख हिला. दर हिवाळ्यात ती ते उसने नेते आणि न धुता परत करते. यापुढे तिचे तिने बघावे.

३. आता सायन चर्च. ते माझ्या आजोबांनी गावकऱ्यांना घेऊन बांधले. जमीन आजोबांची. देताना त्यांनी अट घातली की तिथली उपासना बंद पडली तर जमीन इमारतीसकट नोआकांकडे परत यावी. नोआकांपैकी आता मी एकटीच उरले आहे.

पुढे ख्रिस्ताचे हजार वर्षांचे राज्य पृथ्वीवर येणार की नाही, यावरून मंडळी फुटली. निम्म्या लोकांनी रस्त्यापलीकडे सेलम चर्च बांधले. दोन्हीकडचे लुथरन पंथाचेच, पण एकमेकांबरोबर प्रार्थना करायला पाळकांची सक्त मनाई. मी सायनची, हर्मन सेलमचे. लग्न सेलममध्ये लागले. वडील रस्त्यापर्यंत आले आणि तिथूनच परत फिरले. माहेरी जेवायला गेलो की वडिलांची प्रार्थना होईपर्यंत हर्मन ओसरीवर उभे राहत, मग हर्मन यांची होईपर्यंत वडील. सूप कायम गार. हजार वर्षांचे राज्य अजून तरी कोणाकडे आलेले नाही.

आठ वर्षांपूर्वी वरच्यांनी दोन्ही पक्ष एक केले. तेव्हापासून एक रविवार इथे, एक तिथे. माझे दीर आल्बर्ट हे या एकत्रित मंडळीचे मुख्य पंच. सायनचा रविवार आला की त्यांची गाय आजारी पडते. त्या दारातून ते जन्मात आत गेलेले नाहीत. गेल्या महिन्यात छप्पर गळते म्हणून पंचांनी सायन बंद केले. विकायला मात्र आजोबांच्या अटीमुळे माझी सही लागते, म्हणून आल्बर्ट घरी आले.

"वहिनी, त्या पडक्या चर्चचं तुम्ही करणार काय?"

"तुमच्यापासून वाचवणार, भावोजी."

"ॲडलेडचं गिऱ्हाईक आहे. भिंतींना हात लावणार नाही म्हणतो. सुट्टीत येऊन राहणार, एक पलंग टाकणार, बस."

"पलंग कुठं? वेदीवर?"

"वेदी काढून."

ते गेल्यावर मी रडले. माझा बाप्तिस्मा तिथला आणि आईवडिलांना मागच्या अंगणात पुरले आहे.

४. म्हणून सायनची जमीन व इमारत गावच्या एकत्रित मंडळीला द्यावी, या अटीवर की ज्या महिन्यात पाचवा रविवार येईल त्या रविवारची उपासना सायनमध्येच व्हावी. एकदा जरी चुकवली, तरी सगळे डार्सी मॅकघी यांना जावे. ते कॅथलिक आहेत आणि मेंढ्यांसाठी आडोसा शोधत आहेत.

५. आल्बर्ट यांना मी काहीच ठेवलेले नाही, त्यामुळे साक्षीदार म्हणून ते कायद्याने चालतात. परिचारिकेचा हात धरून मी सायनमध्ये येऊन बसले आणि त्यांना निरोप धाडला. ते हातात टोपी घेऊन दारात थांबले.

"वहिनी, बाहेर सावलीत या ना. तिथं करू सह्या."

"गुडघे बघा माझे. तुम्हीच या."

त्यांनी उंबरठ्यावर बूट पुसले. मग ते आले. त्यांना वरचा सगळा मजकूर वाचायला दिला. मॅकघींच्या नावापाशी आल्यावर त्यांची मान हलली. वाचून झाल्यावर ते वर बघत फिरले, काठीने दोन वासे ठोकून पाहिले.

"वासे शाबूत आहेत. पत्रे तेवढे बदलावे लागतील."

"कोण बदलणार?"

त्यांनी पेन मागितले. हे त्यांच्यासमोरच लिहून पुरे केले आणि आता सही करते.

एल्झा मीबुस

आम्हा दोघांच्या समक्ष सही झाली:

मर्ल हॉकिंग, परिचारिका

आल्बर्ट मीबुस, शेतकरी. पत्रे मी बदलतो.

सायन चर्च, लिंडेनफेल्ड
१४ मे १९७४