कानात सांगितलेलं नाव

सोमवार, १८ सप्टेंबर २००६

आज दुकानात आलेलं सामान: फिरती खुर्ची एक, जुनी, ४५० रुपये (सहाशे सांगत होता). तिच्यावरची उशी घरचीच, खर्च नाही. व्हायरस अडवायच्या सीडीचे डबे दोन, प्रत्येकी ८५०. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या रुद्रेशला म्हटलं, एकाच डब्यात दोन्ही कॉम्प्युटरचं भागव की. तर म्हणतो, काकू, एक राखणदार दोन दारांत उभा राहतो व्हय? बोलायला पक्का आहे. दोन्ही मिळून शंभर कमी केले, तेव्हा घेतले.

आजपासून मी दुकानात बसते. शाहूपुरीतलं आमचं बेअरिंग आणि पट्ट्यांचं दुकान इतकी वर्षं मी फक्त बाहेरून बघितलं होतं. यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पडद्याकडं बघायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. घरचा हिशेब पैशापर्यंत जुळवतीस, इथं काय निराळं हाय, तूच बस की, म्हणाले. मॅट्रिकचं शिक्षण आत्ता कामाला आलं. सकाळी लिंगपूजा आटपून कसबा बावड्याहून बसनं आले, दोन्ही कॉम्प्युटरला विभूती लावली आणि खुर्चीत बसून एक गिरकी घेतली. हे बघत होते. पुष्कळ दिवसांनी हसले.

गुरुवार, २१ सप्टेंबर

बाहेरच्या कॉम्प्युटरवर बिलं होतात. आतल्या खोलीतला आमच्या ——चा. दुकानाची ई-मेलची टपालं ती त्याच्यावर बघायची. दोन वर्षांपूर्वी काविळीनं गेली, बाविसावं चालू होतं. पडद्यावर तिचाच फोटो आहे. तिचं नाव वन्संनी ठेवलेलं, संकेश्वरच्या मल्लव्वा वन्संनी. बारशाला कानात कुर्र करून तिन्ही वेळा नाव इतक्या मोठ्यानं सांगितलं की पोर दचकून रडायला लागली. वन्संना तेव्हापासूनच कमी ऐकू येतं. आता तर फोनही चालत नाही, कार्डच टाकावं लागतं.

आतल्या कॉम्प्युटरमध्ये तिची चार भजनं आहेत. मठातल्या कार्यक्रमासाठी घरी माईक लावून भरलेली. चौथ्याच्या शेवटी गाणं संपल्यावर तिचं बोलणंसुद्धा आलंय: अव्वी, कुकर बंद कर की, शिट्टी भजनात आली बघ. मला अव्वी म्हणायची. जगात कुणी आईला अव्वी म्हणत नसेल. दुधाच्या पातेल्याची खरवड तिला लागायची, भांडं घासायला टाकू द्यायची नाही. विभूती लावायची ती एका बाजूला उतरलेली, मी सरळ करायला गेले की पळायची. आज जेवणाच्या सुट्टीत चारही भजनं ऐकली. डबा तसाच राहिला.

रुद्रेशनं राखणदार दोन्हीकडं बसवला. पडद्याच्या कोपऱ्यात हिरवी खूण दिसते, म्हणजे जागा आहे. नव्या चोरांची यादी तो रोज फोनच्या तारेवरून मागवतो. शेजारच्या एका तेलाच्या व्यापाऱ्याचं जुलैत झालं ते रुद्रेशनं सांगितलं. हे चोर माल नेत नाहीत, तुमच्याच घरात तुमच्याच मालाला कुलूप घालतात आणि किल्लीसाठी चिठ्ठी ठेवून जातात. म्हणून बिलांची नक्कल रोज संध्याकाळी सीडीवर काढायची. भजनांचीही काढू का, विचारत होता, कोरी सीडी पंधरा रुपये. म्हटलं, बिलं रोज बदलतात, भजनं कुठं बदलतात? राहू दे.

रविवार, १ ऑक्टोबर, खंडेनवमी

पाने, हातोडे, तराजू, सगळी हत्यारं धुऊन पाटावर मांडली. सीडीचे दोन्ही डबेही मांडले, हळदकुंकू वाहिलं. मग मनात आलं, डबा इथं आणि राखणदार तिकडं कामाला, ही कसली पूजा. आज हत्यार चालवायचं नसतं. रुद्रेशला फोन केला. काकू, ते हत्यार न्हाय, राखणदार हाय, बंद करू नका, म्हणाला. मी म्हटलं, राखणदाराच्या हातात काय फूल असतं व्हय? बंद कसं करायचं ते मला येतं. केलं. हिरवी खूण करडी झाली. उद्या सोनं वाटून झालं की पुन्हा चालू.

सोमवार, २ ऑक्टोबर, दसरा

संध्याकाळी ——च्या कॉम्प्युटरपुढं आपट्याचं पान ठेवायला गेले. फोटोसाठी पडदा सुरू केला, एवढंच. तेवढ्यात टपाल आलं. दसऱ्याच्या शुभेच्छा, वर आपट्याच्या पानाचं चित्र. पाठवणाऱ्याचं नाव ओळखीचं नव्हतं. पण आजच्या दिवशी सोनं घेऊन आलेल्याला दारातून कुणी परत पाठवत नाही, वैऱ्यालासुद्धा. उघडलं. पानाचं चित्र मोठं झालं आणि गेलं. मग राखणदार चालू केला. खूण हिरवी झाली.

मंगळवार, ३ ऑक्टोबर

भजनं उघडत नाहीत. चारही भजनांच्या नावांना कसलीशी इंग्रजी शेपटी लागलीय. शेजारी एक चिठ्ठी, इंग्रजीत. रुद्रेशनं वाचून दाखवली: तुमच्या वस्तूंना कुलूप घातलंय, किल्ली आमच्याकडं आहे, या पत्त्यावर लिहा. तो माझ्यावर ओरडला नाही, त्याचंच वाईट वाटलं. बाहेरच्या कॉम्प्युटरला काही झालेलं नाही, बिलं सीडीवर आहेतच. दुकान वाचलं काकू, म्हणाला. या लोकांना लिहू नका, एकदा हात दिला की सोडत नाहीत, असं बजावून आतल्या कॉम्प्युटरची फोनची तार काढून तो बरोबर घेऊन गेला.

यांना अजून सांगितलेलं नाही. पंधरा रुपये.

गुरुवार, ५ ऑक्टोबर

रात्रभर चौथं भजन कसं सुरू होतं ते आठवत होते. दुपारी हे दुकानातच झोपले तेव्हा आतल्या कॉम्प्युटरवर बसून चिठ्ठीतल्या पत्त्यावर लिहिलं. मराठीच, इंग्रजी अक्षरांत. माझी लेक त्याच्यात आहे, एवढंच.

शनिवार, ७ ऑक्टोबर

उत्तर आलं, मराठीत. पैसे नकोत म्हणतात. तिची एक गोष्ट द्या, एक भजन घ्या. मी दोनदा वाचलं. गोष्ट सांगायला काय लागतं? पैसा नाही, सोनं नाही. स्वस्तात सुटले असं वाटलं, देवापुढं साखर ठेवली. दुधाच्या पातेल्याची गोष्ट लिहून पाठवली. पहिलं भजन उघडलं. तोच आवाज, तसाच. खुर्चीत बसून रडले, पण चांगलं रडले.

मंगळवार, १० ऑक्टोबर

दूध आटवलं होतं. पातेलं घासायला टाकलं तर यांनी उठून माझा हात धरला. खरवड टाकतीस? म्हणाले. मी म्हटलं, ठेवून काय करायची, खातंय कोण? हे माझा हात सोडून तडक खोलीत गेले. एका पातेल्यासाठी एवढं रागवायचं काय कारण, कळलं नाही.

शुक्रवार, १३ ऑक्टोबर

विभूतीची गोष्ट दिली. दुसरं भजन मिळालं.

रविवार, १५ ऑक्टोबर

तिसरं मिळालं. ती मला काय म्हणायची ते दिलं. लिहून पाठवलं. आवाज किती गोड –

मंगळवार, १७ ऑक्टोबर

मागची पानं चाळत होते. २१ सप्टेंबर. अक्षर माझं. खरवड. विभूती एका बाजूला. अव्वी.

यातलं मला एकही आठवत नाही. दुसऱ्याच कुणाच्या लेकीबद्दल वाचावं तसं. फोटो बघितला, कपाळावर विभूती खरंच उतरलेली आहे. मी ती कधी सरळ केली – माझ्या हाताला ते कपाळ आठवत नाही.

गोष्ट सांगायला सांगितली नव्हती. द्यायला सांगितली होती. मी देऊन बसले.

गुरुवार, १९ ऑक्टोबर

रुद्रेशला सगळं सांगितलं. त्यानं आतला कॉम्प्युटर उघडून बघितला. मी लिहिलेलं काही नाही, आलेलं काही नाही. राखणदाराची खूण हिरवी. तीन भजनं उघडतात, ती कशी उघडली ते त्याला सांगता येईना. मग खालच्या आवाजात म्हणाला, काकू, ह्याची तार दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासनं माझ्या घरात हाय. तुम्ही लिवलं कशावरनं?

हा कॉम्प्युटरच मी उद्या उचलून नेतो म्हणाला. मी दारात आडवी उभी राहिले. त्याच्यात अजून चौथं आहे. नुसतं गाणं नाही, चौथ्यात ती बोलते.

शनिवार, २१ ऑक्टोबर, दिवाळी

लक्ष्मीपूजन झालं. पडदा आपोआप सुरू झाला. चौथ्यासाठी तिचं नाव मागतात.

नाही म्हणून लिहिलं. उठले. पुन्हा बसले.

आठवणी तर गेल्याच. निदान बोलणं राहू दे. आणि नाव कसं जाईल? ते यांना माहीत आहे. या रोजनिशीत पानोपानी आहे. मठात तिच्या नावानं दिलेल्या देणगीच्या पाटीवर आहे. वन्संनी कानात घातलेलं आहे. एवढ्या ठिकाणी असलेली वस्तू –

दिलं.

रविवार, २२ ऑक्टोबर

एक मुलगी भजन म्हणते. आवाज फार चांगला. शेवटी शिट्टी वाजते आणि ती कुणाला तरी हाक मारते, अव्वी, कुकर बंद कर की. दहादा लावलं. दहादा हाक मारते. ती बाई ओ का देत नाही –

हे शेजारी बसून रडतात. कोण ही, विचारलं. त्यांनी नाव सांगितलं. ओठ हलले, मला काही ऐकू आलं नाही. पुन्हा सांगितलं. मी तळहात पुढं केला, त्यावर बोटानं लिहिलं. नुसती एक रेघ ओढल्यासारखं वाटलं.

रोजनिशी उघडली. बाकी सगळं आहे. जिथं नाव असायला हवं तिथं नुसत्या रेघा. माझ्याच शाईच्या.

सोमवार, २३ ऑक्टोबर

कार्डाचा मजकूर आधी इथं लिहिते –

तीर्थरूप मल्लव्वा वन्संना शि. सा. न.

दुकान ठीक. बिलं सगळी शाबूत आहेत. यांचे डोळे बरे, पण रडून लाल – डॉक्टर रागावतील.

वन्सं, इथं पडद्यावर एका मुलीचा फोटो आहे. कपाळावर विभूती एका बाजूला उतरलेली. सरळ करावी असं हाताला सारखं वाटतं. काच मध्ये येते.

हे म्हणतात, हिच्या बारशाला कानात नाव तुम्हीच सांगितलं होतं. मोठ्यानं. तुम्हाला आठवत असेल. तेवढं नाव कार्डावर मोठ्या अक्षरात, दाबून लिहा, रेघ होणार नाही असं – आणि उलट टपाली कळवा. नाव कळवा, आणि मी तिची कोण लागते तेही –