दोन बोटांची शिट्टी

मंगळवार, ५ डिसेंबर

प्रिय छोटी,

गुडघे कसे आहेत? माझं सगळं ठणठणीत, रक्तदाब सोडला तर. तो कुणी चढवला ते पुढे येईलच. तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. फोन मध्येच ठेवता येतो. पत्र फाडता येतं, पण तू ते आधी वाचशील. लहानपणी दुसऱ्यांची पत्रं वाचायचीस, हे तर तुझंच आहे.

तर बातमी. माझ्या जुन्या शाळेच्या मोठ्या बाईंनी मला बोलावलं होतं. ही माझीच विद्यार्थिनी. भूगोलाच्या तासाला नकाशा उलटा धरायची, आता अख्खी शाळा सरळ धरून आहे. तिने यंदा नवीन टूम काढली आहे. मार्कांपलीकडे मुलांनी जे काही केलं, त्यासाठी बिल्ला द्यायचा. स्वतःचं नाव स्वतः सुचवायचं नाही. दुसऱ्या मुलाने समितीपुढे उभं राहून तोंडी सांगायचं, की अमक्याने हे केलं आणि मी पाहिलं. आणि बिल्ला कुणी पाहुणा लावणार नाही. घरच्या माणसाने मंचावर येऊन आपल्या हाताने लावायचा. घरचं कुणी आलंच नाही, तर बिल्ला डबीत राहणार. ही शेवटची अट लक्षात ठेव. सगळं तिच्यावरच अडलं आहे.

समिती तिघांची. मोठ्या बाई, खेळाचे सर आणि मी. सुरुवातीला मी नाक मुरडलं. उठसूट बिल्ले वाटले तर अभ्यास कोण करणार? म्हणजे तू जे म्हणतेस तेच, शब्दशः. सकाळी मी अशी होते. दुपारी मी टेबलावर मूठ आपटत होते आणि सरांचा चहा सांडला होता.

अगं, काय काय ऐकलं! एकाने प्रयोगशाळेचं बंद पडलेलं घड्याळ चालू केलं. ते सांगायला आलेली मुलगी इतकी खुशीत होती की हातवारे करताना तिने खुर्चीच आडवी केली. एक मुलगा अडखळत बोलणाऱ्या मित्राला रोज मधल्या सुट्टीत जिन्याखाली नेऊन त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेतो. हे त्या मित्रानेच येऊन सांगितलं. अडखळत, पण पुरतं सांगितलं. मोठ्या बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. मी चष्मा पुसला. एवढ्यातच विरघळलीस, म्हणशील. पुढे ऐक.

मग आला फुटबॉलच्या संघाचा कॅप्टन. ताडमाड उंच, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा.

"रेफरीचं नाव द्यायचंय," तो म्हणाला.

"कुठल्या रेफरीचं?" सरांनी विचारलं, जणू त्यांना ठाऊकच नव्हतं.

"अंतिम सामन्याच्या. आपण हरलो त्या."

तो सामना मीही पाहिला होता. या शाळांच्या स्पर्धेची एक गंमत आहे. सगळा कारभार मुलांकडे असतो. रेफरी मुलं, गुण लिहिणारी मुलं, मलमपट्टीवाली मुलं. मोठ्यांनी दोराच्या मागे खुर्च्यांवर बसायचं आणि तोंड मिटून ठेवायचं. मी! तोंड मिटून! पण बसले.

रेफरी एक मुलगी होती आणि तिच्याजवळ शिट्टी नव्हती. का नव्हती, ते येतंच आहे. सरांनी गळ्यातली काढून पुढे केली.

"सर, ही तुमच्या तोंडातली."

"धुऊन देतो."

"तरी उष्टीच."

आणि तिने दोन बोटं तोंडात घातली. छोटी, मी खुर्चीवरून उठलेच. आधी सरळ जाणारी, मग शेपटाकडे वर वळणारी ती शिट्टी मी गर्दीतसुद्धा ओळखेन. कॉन्व्हेंटच्या मागच्या भिंतीवर बसून तू मारायचीस तीच. मुलींनी शिट्टी मारायची नसते म्हणून मदरने तुला भर उन्हात अंगणात उभं केलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी तू पुन्हा त्याच भिंतीवर. ही शिट्टी जगात दोघींनाच येते. तुला, आणि जिला तू ती पाळण्यातून उतरल्या उतरल्या शिकवलीस तिला.

हो. तुझी नात. त्या दिवशी ती गणिताच्या शिकवणीला गेलीच नव्हती. थाप मारली म्हणून तिला हवं तेवढं रागव, मीही रागावले आहे. पण तिची शिट्टी तुझ्या शिलाई मशीनच्या खणात कुलपात पडली आहे, हेही मला ठाऊक आहे. गणितात नापास झाली म्हणून! तिचे आईबाप परगावी, जबाबदारी तुझी, धाकधूक तुझी. सगळं कबूल. पण खणात शिट्टी कोंडली की बाहेर गणित सुधारतं, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय ते मला दाखव.

सामना बरोबरीत. संपायला आला होता. आमच्या गोलसमोर ही झुंबड, आणि तेवढ्यात ती शिट्टी. आमच्याविरुद्ध पेनल्टी! स्वतःच्या शाळेविरुद्ध! मैदान पेटलं. पोरं तिच्या अंगावर धावून गेली. ती तसूभर हलली नाही, एक हात वर, एक हात त्या पांढऱ्या ठिपक्याकडे. गोल झाला, आपण हरलो. दुसऱ्या दिवसापासून वर्गात तिच्या बाकावर कुणी बसेना. हे तिने तुला सांगितलं? नाही ना. सांगितलं असतं तर सामन्याचं बिंग फुटलं असतं.

आता कॅप्टनचं ऐक. मान खाली घालून म्हणाला, "चेंडू माझ्याच हाताला लागला होता. कुणाला दिसला नाही. तिला दिसला. मी तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्याकडे पाहिलं, आणि तरीही तिने वाजवली. माझ्याच्याने नसतं झालं." मग सरांकडे बघून म्हणाला, "मी वर्गातही सांगितलंय. आज मी तिच्या बाकावर बसलो."

तो गेल्यावर सर म्हणतात कसे, "तिच्यामुळे चषक गेला. फार तर उत्तेजनार्थ देऊन टाकू."

उत्तेजनार्थ! चहा सांडला तो तेव्हा. मी म्हटलं, "सर, चषक तुमच्या कपाटात धूळ खात बसला असता. ही पोरगी उद्या कुठेही उभी राहिली तरी खरं तेच वाजवेल. तुम्ही मुलांना बारा महिने जे शिकवता, ते शिकलेली एकटी सापडली, तर तिला शेपटाला बांधता?" मोठ्या बाई हसल्या. सरांनी रुमालाने सांडलेला चहा टिपला. मग हळूच म्हणाले, "हाताला लागलेला मलाही दिसला होता, बाई." माणूस तसा वाईट नाही. पहिलं नाव तिचंच लागलं.

आता जे लिहायला इतकी पानं खरडली ते. तुझी नात काल माझ्याकडे आली होती. उंबऱ्यातच उभी. "मोठी आजी, बिल्ला तूच लाव ना. आजी नाही यायची. ती विचारेल, याला मार्क किती."

छोटी, मला लावायचा होता. मनापासून. माझ्याकडे असा हट्ट धरणारं दुसरं कोण आहे? पण मी म्हटलं, माझे हात थरथरतात, पिन टोचेल. हात अजिबात थरथरत नाहीत, हे अक्षर बघ.

शुक्रवारी सकाळी, शाळेच्या सभागृहात. पुढच्या रांगेत कडेची खुर्ची तुझ्यासाठी धरून ठेवली आहे, मंचाच्या पायऱ्या बुटक्या आहेत. डबी टेबलावर असेल, मी तिला हात लावणार नाही. गणिताचं आपण तिघी बसून बघू. त्यावरून भांडूही, पण शनिवारी.

टाळ्या तर सगळेच वाजवतील. तू दोन बोटं धुऊन ये.

दोराच्या मागे, तोंड मिटून बसलेली,

तुझी ताई