जुलैतली मुद्दाम चुकवलेली उत्तरं

कर्नी, नेब्रास्का
२८ जुलै २०२४

प्रिय लॅव्हेल,

तुझ्याकडे सगळे मजेत असतील. इकडे मका डोक्याच्या वर गेलाय. मागच्या अंगणात मांस धुरवायची भट्टी मी स्वतः जोडली. झाकणाच्या फटीत कागदसुद्धा शिरत नाही. गाडी मात्र हल्ली जोलीनच चालवते. गुडघे, दुसरं काय!

तुझी रेडिओवरची मुलाखत ऐकली. शिष्यवृत्ती नसताना मी कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात शिरलो, तळघरात जुन्या सामन्यांच्या फिती बघून खेळ शिकलो, हे बरोबर सांगितलंस. पण व्यावसायिक संघाने मला खेळाडू-निवडीच्या सहाव्या नव्हे, सातव्या, शेवटच्या फेरीत उचललं. सहाव्या फेरीवाले असं ऐकून चिडतील. नंतरची सगळी वर्षं मी मध्ये, सेंटरच्या जागी, तू माझ्या डावीकडे. समोरच्यांची मांडणी वाचून, कोणी कोणाला अडवायचं ते मी ओरडायचो आणि मगच चेंडू मागे द्यायचो.

गुडघ्यांचं खोटं लिहिलं.

गेल्या सोमवारी मी पहाटे बॅग भरली, गाडी काढली आणि थेट आपल्या जुन्या सराव-शिबिराच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. पहारेकरी म्हणाला, "कोणाला भेटायचंय?"

"मी सेंटर आहे. उशीर झालाय, सोड लवकर."

तो हसला. "काका, निदान पोट तरी आत घेऊन थट्टा करा!"

लॅव्हेल, मी थट्टा करत नव्हतो. जोलीन येईपर्यंत त्याने मला सावलीत बसवून ठेवलं.

डॉक्टरीणबाईंनी माझी स्मरणशक्तीची परीक्षा घेतली, संघाकडून जुने निकाल मागवले. म्हणाल्या, "तेव्हाही तुम्हाला साधारण एवढेच गुण होते. फारशी घसरण दिसत नाही." जोलीनने सुटकेचा श्वास सोडला. माझा मात्र अडकला.

असं का, ते तुला ठाऊक आहे. दर जुलैत हंगामाआधी ती परीक्षा व्हायची आणि आपण सगळे मुद्दाम चुकायचो, म्हणजे पुढे डोक्याला मार बसला तरी गुण पडलेले दिसू नयेत, बाहेर बसावं लागू नये. मी भराभरा बरोबर लिहायला लागलो की तू कोपराने ढोसायचास, "हळू रे प्रोफेसर, नोकरी घालवशील!"

हे बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "असं बरेच जण सांगतात. तेव्हाचे तुम्ही कसे होता हे जवळून पाहिलेलं कोणी आहे?" पुढचे उपचार त्यावर ठरणार. जोलीनची नि माझी भेट, लग्न, सगळं खेळ संपल्यावरचं. आई गेली. उरलास तू.

गुरुवारी पुन्हा बोलावलंय. फोनवर नको, स्वतः ये. तुझंही डोकं तपासायला लागतील म्हणून घाबरत असशील, तर मी शेजारी बसेन.

मी कसा होतो ते त्यांना सांग. आणि बाहेर आल्यावर मला एकट्याला सांग, खरंच तसा होतो का? मला आता खात्री वाटत नाही.

अजून तरी तुला ओळखणारा,
ट्रेंट